मतदारयादीतली अकरा पानं

आमच्या गावच्या वाचनालयाने गेल्या वर्षी स्मरणिका काढली. तिच्यासाठी मतदारसंघाचा इतिहास लिहून द्या, असं मला सांगण्यात आलं. मतदारयादीचं काम तीन वेळा केलेला आणि अजून गावातच राहणारा असा मी एकटाच उरलो होतो. मी लेख लिहिला, तो छापूनही आला. हद्दी कशा बदलल्या, जागा दोनाच्या एक कशा झाल्या, पेट्या जाऊन शिक्का कधी आला, हे सगळं त्यात आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे बरोबर आहे. एक गोष्ट मात्र मी त्यात लिहिली नाही. ती आठवली नाही असं नव्हतं. लेख लिहिताना प्रत्येक पानावर आठवत होती.

छप्पन्न साली मी मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. आमचा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात गेला. माणसं जागच्या जागी राहिली, कचेरीतले शिक्के तेवढे बदलले. पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि मतदारयाद्यांच्या नकला करायला ज्यांचं अक्षर बरं अशी पोरं कचेरीला हवी होती. माझं अक्षर बरं होतं. वडिलांनी शब्द टाकला आणि त्या पावसाळ्यातच मी एका कोपऱ्यात चटईवर बसून नकला करू लागलो.

माझ्या वाट्याला नाल्यापलीकडचा भाग आला. नाल्याच्या अलीकडे कसबा, तिथपर्यंत नगरपालिकेची हद्द. पलीकडे जिनिंग, सरकीची गोदामं, जनावरांचा बाजार, प्राथमिक शाळा, एक तांडा आणि एक वस्ती. शहराला लागून असूनही हा भाग शहरात धरला जात नव्हता, आणि शेजारच्या मौज्यात असूनही त्याला कोणी खेडं म्हणत नव्हतं. त्यामुळे यादीत त्याची सोय वेगळी होती. शहरात वॉर्डाचा आकडा लिहायचा, खेड्यात गावाचं नाव. इथे मात्र प्रत्येक वस्तीचं नाव पानाच्या डोक्यावर लिहायचं आणि खाली माणसं. जिनिंग लाइन. तांडा. महारवाडा. मौज्याच्या जुन्या कागदांत होतं तसंच मी उतरवलं. आमच्या घरात तो शब्द 'बाजार' किंवा 'देऊळ' म्हणावं तसा बोलला जायचा. लिहिताना हात अडला नाही.

त्याच दसऱ्याला वस्तीतली बरीच माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला गेली. परत आली ती धर्म बदलून. घरातले देव त्यांनी नाल्यात सोडले आणि मेलेली जनावरं ओढणं बंद केलं. आमच्या आळीला हा बदल कळला तो जनावरांच्या बाजारात मेलेला एक बैल दोन दिवस तसाच पडून राहिला तेव्हा. वाऱ्याची दिशा आमच्याकडे होती. लोक नाकाला पदर आणि धोतराचा सोगा लावून एकमेकांना विचारत होते, आता हे कोण उचलणार? वस्तीने स्वतःला नवं नाव घेतलं होतं, पंचशीलनगर. वेशीवर लाकडी पाटी लावली होती. आम्ही कोणी ती वाचायला गेलो नाही.

सत्तावनच्या मतदानाला मला वय कमी म्हणून मत नव्हतं, पण यादी तोंडपाठ असल्यामुळे नावं शोधायला केंद्रावर बसवलं होतं. आमचा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक राखीव. म्हणून प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळत. पडद्यामागे उमेदवारांच्या पेट्या मांडलेल्या, प्रत्येकीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मनात असेल त्या पेटीत कागद टाकायचा. तांड्यातला एक म्हातारा आत गेला तो बराच वेळ बाहेर येईना. आतून पत्र्याचे खडखड आवाज येऊ लागले.

"काय करून राह्यले हो आत?" अध्यक्ष म्हणून नेमलेल्या हेडमास्तरांनी पडद्याबाहेरून विचारलं.

"वजन पाहून राह्यलो, साहेब."

"कायचं वजन?"

"पेट्यायचं. जे हलकी लागली तिच्यात टाकली एक चिठ्ठी. त्या बिचाऱ्याले कोणीच नाही."

"आन दुसरी?"

"दुसरी जड पेटीत टाकली. दोघंबी खुश राह्यले पाह्यजे."

हा किस्सा मी स्मरणिकेत लिहिला. लोकांना आवडला. त्याच केंद्रावर त्याच दिवशी वस्तीतली माणसंही मत देऊन गेली. नावाबद्दल तेव्हा कोणी काही बोललं नाही. यादी त्यांच्या दीक्षेच्या आधीची होती, हे त्यांनी समजून घेतलं असावं.

पुढे साठ साली महाराष्ट्र झाला. त्यानंतर दोन जागांचे मतदारसंघ मोडले आणि आमच्या मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. राखीव जागा दुसऱ्या तुकड्याकडे गेली. नव्या हद्दीची रेघ नाल्याच्या पात्रातून आली आणि याद्या नव्याने करायच्या ठरल्या. मी तोवर नाल्यापलीकडच्या शाळेत शिक्षक झालो होतो. घरोघर जाऊन नावं लिहायचं काम शिक्षकांकडे आलं. माझ्याकडे पुन्हा तोच भाग.

वस्तीत मला घरं दाखवायला एक मिस्त्री आले. आमच्या शाळेची दगडी भिंत त्यांनीच बांधलेली होती. वय पन्नाशीच्या आसपास, कानावर पेन्सिल, खिशात ओळंबा. लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीपुरती चार अक्षरं गिरवली होती. माझे वडील त्यांना एकेरीत हाक मारत. मी 'तुम्ही' म्हणायचो आणि त्याचा मला मनातून अभिमान वाटायचा. आपण जुन्या लोकांसारखे नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

दोन दिवसांत घरं झाली. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात बसून तीन प्रती तयार केल्या. एका वेळी तीन कागद, मध्ये दोन कार्बन, आणि बोट दुखेपर्यंत दाबून लिहायचं. वस्तीची अकरा पानं झाली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर मी वस्तीचं नाव लिहिलं. जुनंच. पाच वर्षांपूर्वी लिहिलं तेच. लिहिताना मी पाटी विसरलो होतो की मला ती आठवून आळस आला होता, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मी विसरलो होतो असं मला बरेच दिवस वाटत असे.

चौथ्या दिवशी मिस्त्री शाळेत आले. हातात अर्ज होता. वस्तीतल्या कोणा शिकलेल्याने लिहिलेला, खाली सह्या आणि अंगठे.

"मास्तर, यादीत आमच्या वस्तीचं नाव काय लिवलं?"

मी पानं उलटी करून ठेवली. "अजून पक्की यादी कुठे झाली?"

"मंग हे घ्या. पंचशीलनगर लिवा म्हणते सगळे."

"पाटी लावली आहे ना तुम्ही. सगळ्यांना ठाऊक आहे."

"पाटी आमीच लावली, मास्तर. दर पावसाळ्यात धुऊन जाते, दर दिवाळीले आमीच रंगवतो. तुमच्या आळीतला एक माणूस तरी त्या नावानं पत्ता सांगते का? आमी देव सोडले, ढोरं ओढणं सोडलं. हे नाव काही सुटून नाही राह्यलं. सरकारच्या कागदात आलं म्हणजे मंग लोकायच्या तोंडात येईन. नाहीतर आमी किती बी बदललो तरी आमाले कोण मानते?"

मी म्हणालो, "देतो साहेबांकडे."

"सरकारातून आलं तर पोरायच्या दाखल्यावरबी येईन," ते म्हणाले. "तुमच्या अक्षरात चांगलं दिसन."

ते गेल्यावर मी पानं सुलटी केली. अकरा पानं, तीन प्रती. शीर्षक खोडून वर लिहावं तर सूचना स्पष्ट होती की खाडाखोड चालणार नाही. म्हणजे सगळं पुन्हा लिहायचं. दोन दिवसांचं काम. अर्ज वर पाठवावा तर नायब तहसीलदार विचारणार, मास्तर, हे तुम्हाला आधी कळलं नाही का? मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. उद्या बघू, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी याद्या घेऊन कचेरीत गेलो तेव्हा अर्ज पिशवीतच होता. माझ्या पुढे तांड्याचा नायक उभा होता. तांड्यांची नावं तिकडे नायकाच्या नावावरून पडतात. आमच्या तांड्याचा जुना नायक दोन वर्षांपूर्वी वारला होता आणि मी सवयीने त्याच्याच नावाचा तांडा लिहिला होता. गादीवर आलेला त्याचा मुलगा तक्रार घेऊन आला होता.

"साहेब, बाप मेला आमचा. मेलेल्या माणसाच्या नावानं जित्या माणसायची मतं कशी पडतीन?"

नायब तहसीलदार हसले. "मास्तर, ही यादी तुमची का? बघू." त्यांनी लाल दौतीत टाक बुडवला, जुन्या नायकाचं नाव एका रेघेत खोडलं, वर नव्याचं लिहिलं, बाजूला आद्याक्षरं घातली. तीन प्रतींवर तीन रेघा. "झालं. छापखान्यात नीट छापतील. चला, पुढचं."

सगळं मिळून दोन मिनिटं लागली नसतील. नायकाने मला जाता जाता कोपराने ढोसलं. "मास्तर, मह्या बापाले दोन वर्सं जास्त जगवलं तुमी. उपकार झाले."

साहेब माझ्याकडे बघत होते. टाक अजून ओला होता. मला फक्त पिशवीत हात घालायचा होता. मी म्हणालो, "माझं काही नाही, साहेब. याद्या द्यायच्या होत्या." त्यांनी याद्या घेतल्या आणि खालच्या गठ्ठ्यावर ठेवल्या.

का, याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं. नायकाच्या चुकीवर साहेब हसले होते. दुसऱ्या चुकीवर हसतील की रागावतील, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या टेबलाशी कचेरीतले आणखी दोघे उभे होते, आमच्याच आळीतले. त्यांच्यासमोर मी वस्तीचा अर्ज काढला असता तर रात्रीपर्यंत ते आमच्या ओसरीवर पोचलं असतं. एवढंच होतं. कोणी मला धमकावलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं.

आठवड्याने मिस्त्री भेटले. बाजाराच्या रस्त्यावर, सायकल हातात धरून.

"मास्तर, आपल्या अर्जाचं काय झालं?"

"वरून नामंजूर झालं," मी म्हणालो.

"काहून?"

"मौज्याच्या कागदात जे आहे तेच लिहायचं, असा नियम आहे."

हा नियम मी त्या क्षणी, रस्त्यावर उभ्या उभ्या तयार केला. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांनी कचेरीत जाऊन विचारलं असतं तर माझं खोटं अर्ध्या तासात उघडं पडलं असतं. पण मास्तर सांगतात म्हटल्यावर त्यांना विचारण्याची गरज वाटली नाही. "तुमी आपल्याकून केलं ना," ते म्हणाले, "बस मंग." आणि सायकलवर टांग टाकून गेले. मला ते बोलणं लागलं असं मी लिहिणार नाही. मला तेव्हा बरं वाटलं. विषय मिटला होता.

बासष्टच्या मतदानाला केंद्र आमच्याच शाळेत होतं आणि मी पहिला मतदान अधिकारी होतो. पेट्यांची पद्धत गेली होती. आता एकच मतपत्रिका, त्यावर शिक्का, आणि एकच पेटी. पहिल्या अधिकाऱ्याने मतदाराचं नाव यादीत शोधायचं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायचं. भागात एकाच नावाची माणसं तीन-तीन होती. म्हणून आमच्या अध्यक्षांनी सकाळीच सांगून टाकलं होतं, आधी वस्ती वाचा, मग क्रमांक, मग नाव, गोंधळ नको.

जिनिंग लाइनची माणसं आधी येऊन गेली. मग वस्तीची रांग आली. बायका पांढऱ्या लुगड्यांत, पुरुषांचे कपडे धुतलेले. रांगेच्या पुढे मिस्त्री. सगळ्यांना गोळा करून त्यांनीच आणलं होतं. त्यांनी हातातली चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली. मी पान काढलं. माझ्याच यादीचं छापलेलं पान.

मी वाचलं. आधी वस्ती, मग क्रमांक, मग त्यांचं नाव.

एका प्रतिनिधीने आपल्या यादीत खूण केली. दुसरा म्हणाला, "कुठला म्हटलं?" मी पुन्हा वाचलं. मोठ्याने.

मिस्त्री हलले नाहीत. शाई लावणारा दुसरा अधिकारी त्यांच्या बोटाची वाट बघत होता.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "वरून नाही म्हटलं ते ठीक आहे. कागदावर असन तर असू द्या. पण तोंडानं काहून म्हणता?"

"नियम आहे, मिस्त्री."

"नियम कागदाले राह्यते. तुमच्या तोंडाले बी हाय का?"

अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले, "काय चाललं आहे? पुढे सरका."

"साहेब, यायनं ज्या वस्तीचं नाव घेतलं, ते वस्ती इथं नाही. मी तिथला नाही. मंग ते मत माहं कसं होईन?"

"अहो, नाव तुमचंच आहे ना? मत द्यायचं तर द्या, नाहीतर बाजूला व्हा."

मिस्त्री बाजूला झाले. त्यांनी आवाज चढवला नाही. रांगेकडे वळून म्हणाले, "तुमी टाका रे. माह्यासाठी थांबू नोका." आणि दारातून बाहेर जाऊन आवारातल्या कडुनिंबाखाली बसले. त्यांच्या मागे त्यांची बायको होती. तिने चिठ्ठी आपटून ठेवली.

"वाच बाप्पा, तुले जे वाचाचं ते वाच. मी तुह्या तोंडचं आयकाले नाही आली, मत टाकाले आली. ते बसले रुसून, मले घरी सैपाक हाय."

रांगेतल्या बायका हसल्या. मी वाचलं. ती बोट पुढे करून, शाई लावून, आत जाऊन आली. त्यानंतर वस्तीतल्या प्रत्येकासाठी मी तेच वाचलं. सगळ्यांनी मत दिलं. कोणी माझ्याकडे बघत होतं, कोणी भिंतीकडे. दर वेळी मला वाटे की यावेळी वस्ती न वाचता नुसता क्रमांक वाचावा. अध्यक्ष बसले होते. मी वाचत गेलो. संध्याकाळी केंद्र बंद होईपर्यंत मिस्त्री झाडाखाली होते. शेवटच्या तासात अध्यक्षांनी शिपायाकडून विचारलंही, येता का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आकडेमोड करताना त्यांच्या क्रमांकापुढे खूण नव्हती.

त्या रात्री मी घरी येऊन पिशवीतला अर्ज काढला. इतके महिने तो तिथेच होता. मी तो फाडला आणि तुकडे नाल्यात टाकले.

पुढची चार वर्षं मिस्त्री मला रस्त्यात भेटत. बोलणं व्हायचं, पावसापाण्याचं, शाळेच्या गळक्या छपराचं. ते छप्पर त्यांनीच दुरुस्त केलं. मतदानाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. ते सरकारवर रागावले आहेत असं मी धरून चाललो होतो, आणि मला ते सोयीचं होतं. त्यांच्या डोक्यात एक नियम होता, वर कुठेतरी बसलेला एक साहेब होता. ते दोन्ही मी ठेवलेले होते.

सहासष्टमध्ये मतदारसंघांची पुन्हा आखणी झाली. आमची हद्द फुलसावंगीच्या बाजूला वाढली, दुसरीकडे कमी झाली. याद्या पुन्हा करायच्या. यावेळी मी मुख्याध्यापकांकडे जाऊन नाल्यापलीकडचा भाग मागून घेतला. पहिलं घर मिस्त्रींचं घेतलं.

ते ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मधल्या काळात ते वाचायला शिकले होते. वस्तीत प्रौढांचा वर्ग निघाला होता. ओठ हलवत, ओळीखाली बोट सरकवत वाचायचे. मी चटईवर बसलो आणि फार वेळ न लावता सांगून टाकलं. अर्ज वर गेलाच नव्हता. नामंजूर कोणी केला नव्हता. नियम नव्हता. नायकाच्या तांड्याचं नाव माझ्यासमोर दोन मिनिटांत बदललं, ते सुद्धा सांगितलं. चार वर्षं मी हे बोलणं मनात घोकलं होतं. त्यात शेवटी माफीचं एक वाक्य होतं. ते म्हणायच्या आतच त्यांनी विचारलं,

"तो कागद कुठी आहे?"

"फाडला."

"फाडला?"

"हो."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "त्याच्यावर माह्या मायचा अंगठा होता," ते म्हणाले. "मतदानाच्या पुढच्या साली गेली ते. तिचा फोटो नाही आमच्यापाशी. काहीच नाही. मले वाटे, सरकारच्या कपाटात कुठी तरी हाय तो कागद."

मी ते माफीचं वाक्य म्हटलं नाही. त्या वाक्यात मावेल असं ते काही राहिलं नव्हतं.

आतून त्यांच्या बायकोने सगळं ऐकलं होतं. ती दारात आली. "मी म्हटलंच होतं तुमाले," ती नवऱ्याला म्हणाली, माझ्याकडे न बघता. "हा माणूस त्या दिवशी मान खाली घालून वाचून राह्यला होता. ज्याची चूक नाही तो मान कायले खाली घालन?"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? तुमचं मत गेलं. दिवसभर उपाशी बसले झाडाखाली. त्या साहेबाले शिव्या देत होते तुमी चार वर्सं. नसलेल्या साहेबाले!"

मिस्त्री किंचित हसले. मग माझ्याकडे वळले. "कागद आणला का?"

मी पिशवीतून कोरा कागद काढला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. जुन्या अर्जापेक्षा हा लहान होता. आमच्या वस्तीचं नाव पंचशीलनगर आहे. दहा वर्षांपासून आहे. मतदारयादीत तेच लिहावं. लिहून झाल्यावर मी वाचून दाखवू लागलो, तर त्यांनी हात पुढे केला.

"मी वाचतो."

त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. अक्षर अक्षर जुळवत, मोठ्याने. 'पंचशीलनगर'पाशी थांबले. अनुस्वार बघितला, शी दीर्घ आहे का बघितलं. मग पुढे गेले. चार ओळींना बराच वेळ लागला. मी तेवढा वेळ समोर बसून होतो. माझ्या अक्षराबद्दल ते काही बोलले नाहीत.

"द्या," मी म्हणालो. "मी उद्याच कचेरीत जातो आहे."

"नोको, मास्तर," ते म्हणाले. "हा कागद मीच नेतो." त्यांनी कागदाची घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली. "सह्या घेतो आन मीच नेतो. पोच घेतो. तुमी तुमचं घर लिवा."

मी घर लिहिलं. त्यांचं नाव, वय, बायकोचं नाव. आईचं नाव या यादीत नव्हतं. मग पुढच्या घरी गेलो. मला घरं दाखवायला यावेळी ते आले नाहीत. मला वस्ती आता ठाऊक होती.

नवी यादी छापून आली तेव्हा मी आधी ती पानं काढली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पंचशीलनगर होतं. माझ्याकडून गेलेल्या प्रतींवर मी तेच लिहिलं होतं, पण ते माझ्यामुळे झालं की त्यांच्या अर्जामुळे, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर एकाच उत्तराची आशा धरून विचारलं असतं.

सदुसष्टच्या मतदानाला माझी नेमणूक आमच्या केंद्रावर आली नाही. फुलसावंगीकडच्या एका खेड्यात गेलो. तिथेही मी पहिला अधिकारी. यादी चाळली तर त्या गावाच्या वस्तीचं शीर्षक तेच जुनं होतं. मी सकाळपासून नुसते क्रमांक वाचत राहिलो. दुपारी एकाच नावाच्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि प्रतिनिधी अडून बसला, "गुरुजी, वस्ती वाचा, कोणती ते कळू द्या." मी गप्प राहिलो. तेव्हा म्हातारीनेच सांगितलं, "महारवाडा, बापू, महारवाडा. लवकर कर, ऊन होऊन राह्यलं." मी खूण केली. तो शब्द मला उच्चारावा लागला नाही म्हणून मला बरं वाटलं, आणि असं बरं वाटणं मी ओळखत होतो.

दोन दिवसांनी शाळेत परतलो. आमच्या केंद्रावर माझ्या जागी दुसरे शिक्षक होते, मधल्या सुट्टीत डबा उघडून बसलेले. मी विचारलं, पंचशीलनगरची माणसं आली होती का?

"आली होती की. सगळ्यात पहिले तुमचे ते मिस्त्री. काय माणूस आहे हो!"

"का, काय झालं?"

"मी वाचलं, पंचशीलनगर, अमुक क्रमांक, अमुक नाव. तर म्हणे, मास्तर, पुन्हा म्हणा. मला वाटलं, कमी ऐकू येतं. पुन्हा वाचलं. तर म्हणे, आता त्या कोपऱ्यातल्या माणसाले आयकू जाईन असं म्हणा. कोपऱ्यात शिपाई झोपला होता! मागे ही रांग. अध्यक्ष ओरडून राह्यले. शेवटी तिसऱ्यांदा ओरडून वाचलं, शिपाई दचकून उठला, तेव्हा कुठे त्यानं बोट पुढे केलं."

"मग?"

"मग काय, मत दिलं आणि गेला," ते म्हणाले. "त्याची बायको मागून म्हणते, झालं का तुमचं? आता मले टाकू द्या."

त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. मी नको म्हटलं आणि वर्गावर गेलो.